न विचारलेला कौल

वहिनी, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच फोंडाघाटच्या आपल्या थांब्यावर गेलो. मॅनेजर गल्ल्यामागून उठून पुढे आला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागच्या बाजूला गेलो. बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नीट बसते का ते पाहिलं, पर्स अडकवायचा खिळा जागेवर आहे का ते पाहिलं, मोरीत फिनेलचा वास येतो का ते पाहिलं, आणि मग पुढे येऊन चहा घेतला. मॅनेजरचा चेहरा पडला होता. बिचाऱ्याला वाटलं होतं की आता मागच्या बाजूची कटकट संपली.

तुम्ही असंच करायचात. न कळवता लाल गाडीतून प्रवाशासारख्या यायच्या, पिशवी हातात, पदर खोचलेला, आणि पुढचं हॉटेल ओलांडून थेट मागे. आपली माणसं टेबलं घासून चकचकीत करून तुमची वाट बघत आणि तुम्ही टेबलांकडे ढुंकूनही पाहत नसायचात. मला तेव्हा हसू यायचं, आणि खरं सांगतो, थोडा रागही यायचा. कंपनीची मॅनेजिंग डायरेक्टर बाई संडासाची दारं वाजवून बघते, हे काय दिसायला बरं दिसतं, असं मला वाटे.

तुमच्यावर पेपरात चार ओळी छापून आल्या. त्या मीच लिहून दिल्या होत्या. मुंबई-गोवा रस्त्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी प्रवाशांसाठी तीन थांबे उभे करणाऱ्या, जिल्ह्यातल्या पहिल्या महिला उद्योजक, वगैरे वगैरे. 'प्रवाशांना विविध सुविधा उपलब्ध करून दिल्या' असंही लिहिलं. छापून आलेलं वाचताना लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. सुविधा म्हणालो. त्या सुविधेचं नाव लिहायला माझा हात धजावला नाही. म्हणून आज हे लिहायला बसलोय. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्ही असताना सहा वर्षं सांगितली नाही. ती कुठल्या गोष्टीबद्दल आहे, ते एवढ्यात तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तुम्ही लग्न होऊन मुंबईहून या घरात आलात, तेव्हा मी शाळेत होतो. दारात उतरलात, आईने भाकरतुकडा ओवाळला, आणि तुम्ही माप ओलांडायच्या आधीच विचारलंत की मोरी कुठे आहे. आई रागावली होती. आजूबाजूच्या बायका पदराआड हसल्या. पहाटे निघालेल्या गाडीत संध्याकाळपर्यंत तुम्ही तशाच बसून होतात, हे पुढे कितीतरी वर्षांनी तुम्ही मला सांगितलंत. गाडी चार ठिकाणी थांबली होती. चारही ठिकाणी चहा होता, भजी होती, पानाची टपरी होती, पुरुष रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहत होते. बायका गाडीतच बसून राहिल्या. दादाने तुम्हाला चहा आणून दिला, तर तुम्ही तो खिडकीतून ओतून दिलात.

दादाची रस्त्यालगत चहाची खोप होती. दादा गेल्यावर सगळ्यांना वाटलं की तुम्ही ती बंद करून मुंबईला माहेरी जाल. तुम्ही गेला नाहीत. उलट जांभ्याचे चिरे मागवलेत. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. शनिवारी घरी आलो तर खोपीच्या मागे पाया खणलेला. मला वाटलं स्वयंपाकघर वाढवताय. विचारलं तर म्हणालात, "आदी मोरी, मागीर चूल. चाय नाय गावली तर माणूस काय मरना नाय."

त्या दोन मोऱ्या आणि दोन संडास बांधून झाले तेव्हा हॉटेलला अजून कौलं चढायची होती. गावात थट्टा झाली. पण महिनाभरात मुंबईच्या गाड्या तिथे थांबायला लागल्या, कारण गाडीतल्या बायकाच ड्रायव्हरला सांगू लागल्या की कणकवली सोडल्यावर कसालच्या अलीकडे थांब. कागदावर आपल्या कंपनीचं नाव लांबलचक आहे, ते मीच शोधून काढलं होतं. ते नाव एकाही ड्रायव्हरला ठाऊक नाही. सगळे म्हणतात, वयनीचो थांबो.

मला तुम्हीच नोकरी सोडायला लावलीत. अर्ज, परवाने, करार यांची भाषा मला येते आणि तुम्हाला येत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. ते खरं नव्हतं. तुम्हाला सगळं येत होतं. मी कचेरीत मान खाली घालून कुजत चाललो होतो, ते तुम्ही पाहिलंत आणि मला काढून आणलंत. संचालकांच्या सभेला आपण दोघंच असायचो. तुम्ही ओले काजू सोलत बसायच्या आणि मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायचो. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन' असं काही आलं की तुम्ही सोलायचं थांबवून माझ्याकडे बघायच्या. "ह्या कोण बोलला?" मी म्हणायचो, तुम्हीच. तुम्ही म्हणायच्या, मी असं आयुष्यात बोललेली नाही, पण लिहिलंय तर राहू दे.

नियम मात्र तुमचे होते आणि ते तुम्ही कुठे लिहूही दिले नाहीत. त्यातला हॉर्नचा नियम ड्रायव्हर लोकांना सगळ्यात जाचायचा. शेवटची बाई गाडीत चढल्याशिवाय हॉर्न वाजवायचा नाही. एका व्हिडिओ कोचवाल्याने वाजवला होता. तुम्ही हातातला डाव घेऊन बाहेर गेलात आणि त्याच्या दारापाशी उभ्या राहिलात. आतून एक गरोदर मुलगी सावकाश चालत आली, चढली, बसली, तोवर तो खाली मान घालून बसला होता. नंतर तुम्ही त्याला जेवायला वाढलंत आणि कोलंबीचं कालवण दोनदा घ्यायला लावलंत. पुढे तोच तुमचा सगळ्यात मोठा भक्त झाला.

ओरोसला जिल्ह्याची नवी कचेरी झाली, तेव्हा बांद्याच्या अलीकडच्या तिसऱ्या थांब्याच्या परवानगीसाठी आपण गेलो होतो. साहेबांनी मला विचारलं, मॅनेजिंग डायरेक्टर कुठे आहेत. तुम्ही इस्त्रीच्या मराठीत म्हणालात, "मीच ती. बोला." साहेबांनी बसायची व्यवस्था किती माणसांची आहे ते विचारलं. तुम्ही सांगायला लागलात की बायकांसाठी सहा संडास, चार मोऱ्या, त्यातली एक लहान मुलांना धुवायला वेगळी. मी टेबलाखालून तुमच्या पिशवीला पाय लावला. तुम्ही थांबला नाहीत. साहेब फाईलकडे बघत राहिले, माझे कान तापले. परतीच्या गाडीत तुम्ही कसालपर्यंत पिशवीतले कागद नीट लावत होतात. मग म्हणालात, "भावजी, लाज कोणाक वाटूक व्हयी? जी दिवसभर धरून बसता तिका, काय जो बांधना नाय तेका?" मी म्हणालो, तसं नाही वहिनी, पण प्रत्येक ठिकाणी बोलायची एक पद्धत असते. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. वहिनी, मी त्याच दिवशी सुधारलो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

आपल्या गावची गावपळण बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. दर तीन वर्षांनी, देवाचा कौल झाला की सगळं गाव घरदार सोडून शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणावरची म्हातारी, सगळी. तीन दिवस व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून राहायचं. गावात चूल पेटायची नाही, आवाज निघायचा नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं की परतायचं. पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. पण पिढ्यान्पिढ्या गावाच्या मधून हायवे जात नव्हता आणि हायवेवर आपला थांबा नव्हता.

थांबा झाल्यावरची पहिली गावपळण आली आणि आपलं जुंपलं. माझं म्हणणं, थांबा चालू ठेवायचा. रस्ता गावाचा नाही, मुंबईच्या गाडीवाल्याशी करार आहे, रोजच्या गाड्या काय वाऱ्यावर सोडायच्या. तुमचं म्हणणं, आपली सगळी माणसं याच गावची, ती थांबणार नाहीत आणि थांबायला सांगणारी मी कोण. हॉटेल व्हाळापलीकडे मांडवात न्यायचं. मग मी तुम्हाला खिंडीत गाठलं. म्हणालो, चूल नेता येईल, मोरी कशी न्याल. बायका कुठे जातील.

तुम्ही गप्प झालात. वादात तुम्हाला गप्प केल्याचा मला आनंद झाला होता, तो मला अजून आठवतो आणि आवडत नाही. सकाळी तुम्ही तोडगा घेऊन आलात. "वाटसरू काय गावचो नाय. तेका गाव सोडूचो नियम खंयसून लागात? हाटेल बंद ठेवया, मागची बाजू तेवडी उगडी ठेवया. पण ता आपण ठरवूचा नाय. देवाक इचारा."

विचारायचं मलाच होतं. दादानंतर देवळातली आपल्या घराण्याची मानाची जागा माझ्याकडे आलेली. बायका मागे उभ्या राहतात, गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं. तुम्ही घरी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. मी म्हटलंही.

देवळात त्या दिवशी सगळे मानकरी बसले होते. गावाचं गाऱ्हाणं झालं. बाबी गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी आधी सुटली, म्हणजे होकार, गावपळण ठरली. मग एकेकाची घरची गाऱ्हाणी सुरू झाली. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची म्हैस. लोक उठून जायला लागले तरी सात-आठ थोर माणसं बसलेली होती. बाबीने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. समोर देव, समईचा उजेड, कापूर, फुलं. आणि मी आता इथे उभा राहून म्हणायचं, देवा, बायकांचा संडास उघडा ठेवू का. वहिनी, मी म्हणालो, माझं काही नाही, आणि देवाला हात जोडून बाहेर पडलो.

तुम्ही अंगणात तांदूळ निवडत होतात. मला पाहून सूप खाली ठेवलंत.

"काय सांगल्यान देवान?"

"डावो," मी म्हणालो.

एवढंच बोललो. डावा, म्हणजे नाही. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत, मग सूप उचललंत. "बरा तर," म्हणालात. देवाने नाही म्हटल्यावर तुम्ही पुढे एक शब्द काढला नाहीत. जी बाई साहेबांपुढे, ड्रायव्हरपुढे, माझ्यापुढे कधी हटली नाही, ती माझ्या एका खोट्या शब्दापुढे गप्प बसली, कारण तो शब्द मी देवाच्या नावावर ठेवला होता.

तुम्ही स्वतःच्या हाताने मागच्या बाजूला कुलपं घातलीत. व्हाळापलीकडे झापांचे आडोसे बांधलेत, आत चर खणून घेतलेत, वाळू पसरलीत. मांडवात चुली पेटल्या. गाड्या तिथे थांबू लागल्या, प्रवाशांना तर गंमतच वाटत होती. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गाडीला नवा ड्रायव्हर होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपल्या पाटीपाशी थांबला, रिकाम्या गावात, बंद थांब्यापुढे. बायका उतरल्या, मागे गेल्या, दारांना कुलपं. त्यातल्या एक आजी आडोसा शोधत थांब्याच्या मागच्या उतारावरून खाली गेल्या, जांभ्यावरून पाय सटकला आणि हात मोडला. गाडी पुढे मांडवाशी आली तेव्हा आपल्याला कळलं. त्यांचा हात तुम्हीच लुगड्याच्या पट्टीने बांधलात.

आजी मसुऱ्याच्या. गाव परतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला घेऊन मसुऱ्याला गेलात. आजी पडवीत बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. रागावल्या नव्हत्या. त्यांनी साधं विचारलं, "मोरयेक कुलूप कित्याक घातलंस गो बाय?"

"देवाक इचारलाव, आजये. देवान नको सांगल्यान."

आजींनी मान हलवली. "देव असा सांगूचो नाय गो," म्हणाल्या.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पडवीतल्या नारळांच्या ढिगाकडे बघत होतो. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर फार तर लाज गेली असती. मी उघडलं नाही. परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, चूक माझीच, शिवेवर एक माणूस उभा करायला हवा होता गाड्यांना सांगायला. मी हो म्हणालो. वहिनी, मी चक्क हो म्हणालो.

तीन वर्षांनी दुसरी गावपळण आली. तुम्ही विचारलंत की पुन्हा एकदा गाऱ्हाणं घालून बघायचं का. मी जरा चिडूनच म्हणालो, देव एकदा बोलला ते बोलला, तेच ते काय विचारायचं. पुन्हा कुलपं लागली. या वेळी शिवेवर माणूस होता, कोणी पडलं नाही. पण तुम्ही तिन्ही दिवस मांडवात बसून प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायकांकडे बघत होतात. आडोशात जायला कचरणाऱ्या, परत गाडीत जाऊन बसणाऱ्या बायका तुम्ही मोजत होतात, हे मला दिसत होतं.

आता वाटतं, तुम्हाला संशय आला असेल का. बाबी गुरव कधी बोलला असेल का. त्या दिवशी मसुऱ्याला माझ्याकडे का पाहिलंत. मी हे हजारदा मनात घोळवलंय आणि मला त्याचं उत्तर मिळणार नाही. तुम्हाला माहीत असूनही तुम्ही मला बोलला नसाल तर माझ्यावर फार मोठी दया केलीत. माहीत नसेल तर तुम्ही देवाने आपलं ऐकलं नाही असं समजून गेलात. यातलं दुसरं मला सहन होत नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही शांत होतात. मी रोज दुपारी येऊन बसायचो. तिथल्या बायकांच्या मोरीची कडी तुटकी आहे, ती बदलून घ्या, असं तुम्ही मला सांगितलंत आणि मी खरंच बाजारातून कडी आणून बसवून घेतली. नर्स हसत होती. मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "भावजी, पुढल्या महिन्यात गावपळण येतली. झापां ह्या खेपेक दाट बांधून घेवा. बायकांका भायर बसल्यासारख्या वाटता."

त्या क्षणी शब्द ओठांवर आले होते. खोलीत आपण दोघंच होतो. तुमचा हात मी धरला होता. मी म्हणालो, बांधून घेतो. तुम्ही डोळे मिटलेत. दोन दिवसांनी तुम्ही गेलात आणि मी तुमच्याशी शेवटचं बोललो ते झापांबद्दल.

तुमचे दिवस झाले, सुतक फिटलं, आणि गावपळणीचा कौल घ्यायचा दिवस आला. आता कंपनीत निर्णय माझा. मुंबईच्या गाडीवाल्याने नव्या करारात थांबा बारा महिने उघडा ठेवायची अट घालायला सांगितली होती. सही केली असती तर आपला जुना वाद मी जिंकला असता. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं, थांबा उघडा ठेवायला हवा. पण तुमच्या गैरहजेरीत जिंकण्यात काय राम आहे. मी त्याला कळवलं की गावपळणीत हॉटेल बंद राहील, किती दिवस ते देव सांगेल, आणि बाकी काय उघडं राहील तेही देवच सांगेल. तो फोनवर हसला, पण कबूल झाला.

देवळात गावाचं गाऱ्हाणं झालं. घरच्या गाऱ्हाण्यांची पाळी येईपर्यंत मी थांबलो नाही. सगळा गाव बसलेला असताना, बायका मागे उभ्या असताना उठलो. आपली शेवंती, थांब्याची मागची बाजू झाडणारी, खांबापाशी उभी होती. माझा आवाज मोठा निघाला.

"बा देवा म्हाराजा, आमच्या गावातसून हायवे जाता. तेच्यावरसून बायकामाणसां जातत-येतत. आमच्या वयनीन तेंच्यासाठी संडास बांदल्यान, मोरी बांदल्यान. गाव रिकामो झालो तरी तेवडा वाटसरांसाठी उगडा ठेवूक तुजो हुकूम आसा काय नाय, ता आज सांग. सहा वर्सां आदी मी ह्या इचारूक व्हया होता. इचारूक नाय. ता काय चुकला आसात ता माज्या पदरात घाल, वयनीच्या नको."

कोणीतरी हसेल याची मी वाट बघत होतो. मग मागून, बायकांतून, आधी शेवंतीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा.

बाबीने पाकळ्या लावल्या. तो मागे सरायच्या आत उजवी पाकळी खाली आली. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "ह्या इचारूक येवडी वर्सां लागली?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. बाहेर येऊन देवळाच्या पायरीवर बसलो आणि रडलो, वहिनी. तुम्ही गेलात तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो. लोक येत-जात होते, कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं तुमच्या आठवणीने. ते खोटंही नव्हतं.

गाव बाहेर पडायच्या सकाळी हॉटेलला मी कुलूप घातलं. मागच्या बाजूला शेवंतीने सगळं धुऊन घेतलं, पाण्याचं मोठं पिंप काठोकाठ भरलं, तांबे ठेवले. दारं नुसती ओढून घेतली. पाटीवर मी खडूने लिहिलं की हॉटेल पलीकडे मांडवात आहे, बायकांची मोरी आणि संडास मागे उघडे आहेत. पूर्ण लिहिलं, नाव घेऊन. मग सगळ्यांच्या मागून व्हाळ ओलांडला. झापांचे आडोसेही बांधले होते, चांगले दाट, कारण तुम्हाला शब्द दिला होता.

तीन दिवस मांडवात बसलो. बऱ्याच गाड्या पलीकडून थेट आपल्याकडे आल्या. काही आधी रिकाम्या गावात थांबून मग आल्या. कोणी गेलं का मागे, कोणाला पाटी दिसली का, ते इथून कळत नव्हतं आणि मध्येच गावात जाऊन बघायचं नसतं. कोणाला विचारायचं धाडस मला झालं नाही. म्हणजे ती खोड अजून पुरती गेलेली नाही.

परतायचा कौल झाला. बाकी लोक आपापल्या घरांकडे वळले, मी आधी थांब्याच्या मागे गेलो. दारं ओढून घेतलेली होती, नीट, एकूणएक. आतल्या कड्या धड होत्या. मोरीच्या फरशीवर ओल होती आणि लहान मुलाच्या पावलांचे ओले ठसे दारापर्यंत आले होते, अजून वाळायचे होते. पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. आसपास कोणी नव्हतं. जे तुमच्या उशाशी बसून सांगायला हवं होतं, ते मी त्या मोरीच्या दारात उभा राहून मोठ्याने सांगितलं. "वयनी, देवान नाय म्हणूक नाय. मीच इचारूक नाय."